नागपुरात नवीन येताय? पायी फिरता येईल असं परवडणारं किरायाचं घर कसं शोधायचं

मी २०१६ च्या जूनमध्ये यवतमाळहून नागपुरात आले. नवऱ्याची नोकरी हिंगणा एमआयडीसीत, माझी सीताबर्डीला, सोबत सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी. मला गाडी चालवता येत नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे दाराबाहेर पडल्यावर पायी कुठवर जाता येते यावर आमचं अर्धं घर चालते. तरी पहिलं घर घेताना आम्ही हा विचार केलाच नाही, किराया पाहिला, टाइल्स पाहिल्या, दोन बाल्कन्या पाहिल्या आणि टोकन देऊन आलो. त्यानंतर दोनदा घर बदललं, नणंदेला आणि एका भाच्याला घर शोधून दिलं, ऑफिसमधल्या दोघीतिघींसोबतही गल्ल्या फिरले. आता हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी फोन करून विचारते, ताई नागपुरात स्वस्त आणि चांगला एरिया कोणता सांगा ना.

तर पहिली गोष्ट, नुसतं एरियाचं नाव घेऊन काम होत नाही. इथे एकाच नगरात एक गल्ली अशी की खाली उतरलं की डेली नीड्स, मेडिकल, भाजीवाला, ऑटो सगळं हाताशी, आणि पाचशे मीटर पुढची गल्ली अशी की मधे रिकामे प्लॉट, बाभळी, आणि संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नाही. नाव दोघींचंही एकच. म्हणून नगर निवडायच्या आधी गल्ली कशी पाहायची ते शिका, बाकी सोपं आहे.

आधी घरी बसून एक हिशोब करा

आमचं पहिलं घर रिंग रोडच्या बाहेर दक्षिणेकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत होतं, किराया साडेसात हजार. तेवढ्याच मोठ्या घराला शहरात दहा-अकरा मागत होते म्हणून आम्ही खूश. पण मग काय झालं की नवऱ्याची गाडी तर सुटत नव्हतीच, मला बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला यायला आधी ऑटो मग बस, संध्याकाळी आठनंतर ऑटोवाला आत यायला तयार नाही, तो मेन रोडवर उतरवणार आणि तिथून मी अंधारात वीस मिनिटं चालणार, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं तर येण्याजाण्याचा पूर्ण ऑटो करा, आणि एप्रिल लागला की पाण्याचा टँकर वेगळा. सहा महिन्यांनी वहीत लिहून पाहिलं तेव्हा कळलं की आमचे वाचलेले तीन हजार कधीच वाचले नव्हते.

तुम्ही हे आधीच करून पाहा. समजा ऑफिस १२ किलोमीटर, जाऊन येऊन २४, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ६२४ किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर साधारण १४ लिटर पेट्रोल, आणि लिटर शंभरच्या वर आहे, म्हणजे एका माणसाचे १,४०० रुपये नुसते जाण्यायेण्यात. घरात दोघं कमावणारे असतील तर दुप्पट. त्यात शाळेची व्हॅन, दुरून मागवलेला किराणा, रात्रीचे ऑटो. किराया अधिक येणंजाणं असा एकच आकडा काढा आणि दोन घरांची तुलना त्या आकड्याने करा, नुसत्या किरायाने कधीच नको. शहराजवळचं घर दीड-दोन हजारांनी महाग असलं तरी बऱ्याच वेळा तेच स्वस्त पडते, आणि दिवसाचा तास-दीड तास हातात येतो तो वेगळाच.

मग रोज कोण कुठे जाणार ते पाहून बाजू ठरवा

मेट्रोच्या दोन लाईन आहेत. ऑरेंज लाईन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. ॲक्वा लाईन पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. पहिला टप्पा २०१९ पासून तुकड्यातुकड्याने सुरू होत डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून गाडी नसलेल्या माणसासाठी नागपूर खरंच बदललं. आधी आपण सगळे चौकाच्या हिशोबाने घर शोधायचो, आता स्टेशनच्या हिशोबाने शोधता येते. कागदावर दोन्ही लाईन लिहा, ऑफिस कोणत्या स्टेशनजवळ ते मार्क करा, आणि त्याच लाईनवर घर पाहा. लाईन बदलावी लागली तरी चालते, बर्डीला उतरून दुसरी गाडी, फार त्रास नाही.

मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या मोठ्या औद्योगिक भागात नोकरी असेल, जसं टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल वगैरे, किंवा एम्समध्ये, तर सगळेजण सांगतील मनीष नगर, बेसा, बेलतरोडी घ्या. थांबा जरा. मिहान खूप पसरलेलं आहे, खापरी स्टेशनवर उतरून कंपनीच्या गेटपर्यंत चालत जाईन म्हणाल तर ते होण्यासारखं नाही, म्हणून आधी कंपनीची बस किंवा कॅब कुठून उचलते ते एचआरला विचारा. बस वर्धा रोडवरून जात असेल तर बस थांब्यापासून चालत येईल असं घर पाहा. मनीष नगरचा रेल्वे फाटकाजवळचा जुना भाग पायी फिरायला चांगला आहे, दुकानं भरपूर, डॉक्टर, क्लासेस, खाण्यापिण्याचं सगळं, आणि उज्ज्वल नगर स्टेशन तिथून जवळ. पूर्वी त्या फाटकावर माणसं किती वेळ अडकून राहायची ते जुन्या लोकांना विचारा, आता पूल आणि अंडरपास झाल्यामुळे सुटका झाली. पण तुम्ही जसजसे बेसा रोडने आत जाल तसतसं स्टेशन लांब जाते, आणि मनीष नगर एक्स्टेन्शन म्हणून जे दाखवतात ते कधी कधी चक्क बेसा असते. ब्रोकरला सरळ म्हणा, स्टेशनपासून घरापर्यंत माझ्यासोबत चालत चला. जो चालत येतो त्याचं घर खरंच जवळ असते.

वर्धा रोडवरच जयप्रकाश नगर आणि छत्रपती चौक ही दोन स्टेशनं आहेत, त्यांच्या मागच्या गल्ल्या मला सगळ्यात जास्त आवडतात, म्हणजे सोमलवाडा, राजीव नगर, देव नगर, सावरकर नगर, थोडं पुढे खामला. मेन रोडला लागून महाग आहे, पण आत दोन गल्ल्या गेलं की जुने दोन माळ्यांचे बंगले दिसतात, मालक खाली राहतात आणि वरचा माळा किरायाने देतात, त्यात लिफ्ट नाही आणि पार्किंगही छोटं, म्हणून किराया फ्लॅट स्कीमपेक्षा कमी. आम्ही आता अशाच एका घरात राहतो, फक्त सासूबाईंसाठी खालचा माळा मिळेपर्यंत पाच महिने थांबलो. खामल्याला भाजीबाजार आहे, झाडं आहेत, आणि रस्त्यावर रात्री दहापर्यंत माणसं असतात.

एक मात्र, वर्धा रोड कोणत्या बाजूला पडतो ते पाहून घ्या. ऑफिसची बस, मुलांची शाळा, बाजार हे सगळं पलीकडे असेल तर रोज दोनदा तो रस्ता ओलांडायचा आहे, आणि तो रस्ता लहान मुलाचा हात धरून ओलांडण्यासारखा नाही.

हिंगणा एमआयडीसीत काम असेल किंवा मुलं तिकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये असतील तर ॲक्वा लाईनचं पश्चिमेचं टोक पाहा, सुभाष नगर, रचना रिंग रोड जंक्शन, वासुदेव नगर, बन्सी नगर, लोकमान्य नगर. इथे नोकरदार, कामगार, विद्यार्थी सगळे राहतात, त्यामुळे खानावळी, झेरॉक्स, स्वस्त किराणा, खोल्या सगळं मिळते. हिंगणा रोडवर ट्रक चालतात, घर रोडला लागून नको, आतल्या गल्लीत घ्या. त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर, प्रताप नगर, स्वावलंबी नगर हा पट्टा राहायला फार चांगला, माझी नणंद तिथेच राहते, बाजार, दवाखाने, बगीचे सगळं पायी. पण मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं नाही, तेवढं लक्षात ठेवा. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असेल तर मात्र हाच पट्टा, दुसरीकडे जाऊच नका.

उत्तरेकडे इंदोरा, कडबी चौक, नारी रोड ही स्टेशनं, आणि बाजूला जरीपटका. जरीपटक्याचा बाजार एवढा मोठा आहे की कपड्यापासून पापडापर्यंत काही आणायला बर्डीला जायची गरज नाही. नवीन येणारे लोक उत्तर नागपूर पाहतच नाहीत, कोणीतरी त्यांना सांगितलेलं असते की दक्षिण आणि पश्चिमच चांगलं. मी म्हणते एकदा स्वतः जाऊन पाहा, कामठी रोडवर किंवा सदरला नोकरी असेल तर किराया आणि अंतर दोन्ही तुमच्या बाजूने आहेत.

पूर्वेला नंदनवन, वाठोडा, आणि मेट्रोच्या बाजूने वैष्णोदेवी चौक, प्रजापती नगर. वर्धमान नगर महाग आहे. दक्षिण-पूर्वेला हनुमान नगर, रेशीमबाग, सक्करदरा, रघुजी नगर, मानेवाडा, इथे मेट्रो नाही पण पायी फिरणाऱ्या माणसासाठी हे जुन्या वळणाचं नागपूर आहे, दाट वस्ती, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, मेडिकल हॉस्पिटल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना जवळ, मनपाची 'आपली बस' आणि ऑटो सतत. मेडिकलला नर्सिंगला किंवा शिकायला येणाऱ्या मुलींना मी डोळे मिटून हाच भाग सांगते.

धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मी नगर, बजाज नगर यांचं काय, असं सगळे विचारतात. तिथे चालायला सुंदरच आहे, रस्ते आखलेले, झाडं मोठी, सगळं जवळ. पण किराया झेपला पाहिजे. एकटे असाल आणि एका खोलीत भागत असेल तर तिथेही जुन्या बंगल्यांच्या मागे आउटहाऊस, गच्चीवरची खोली अशा जागा मिळतात, शोधल्या तर.

आणि मेट्रोचा दुसरा टप्पा, जो कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणार आहे, त्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ ला मिळाली. घर विकणारे आणि किरायाने देणारे त्याच्या नावावर आजच जास्त पैसे मागतात. स्टेशन सुरू होईल तेव्हा होईल, आज जिथे गाडी थांबते त्याच स्टेशनचे पैसे द्या.

घर बाहेरगावाहून पक्कं करू नका

फोटो पाहून टोकन पाठवायचं नाही, कितीही घाई असली तरी. आधी पंधरा दिवस, महिनाभर पीजीत, नातेवाइकाकडे किंवा महिन्याच्या खोलीत राहा आणि रोज संध्याकाळी एक भाग पायी फिरा. ऑनलाइन साइटवर जे घर दिसते ते बहुतेक ब्रोकरचं असते, आणि ब्रोकर एक महिन्याचा किराया घेतो. नागपुरात अजूनही भरपूर घरं गेटवर लटकवलेल्या टू लेटच्या पाटीवरच जातात, मालक म्हाताराम्हातारी असतात, त्यांना साइटवर टाकता येत नाही आणि टाकायचंही नसते. माझी दुसरी आणि तिसरी दोन्ही घरं अशाच पाटीवरून मिळाली.

पाटी दिसली नाही तर विचारा. इस्त्रीवाल्याला सगळ्यात आधी, कारण कोणाच्या घरचे कपडे यायचे बंद झाले ते त्याला माहीत असते. मग डेली नीड्सवाला, पानठेला, दूधवाला, अपार्टमेंटचा चौकीदार. "भाऊ, इथे फॅमिलीसाठी दोन खोल्या आहे का कुठे किरायाने" एवढं म्हटलं की माणसं सोबत चालत येऊन घर दाखवतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे, एकदा तर एका भाजीवाल्या काकूंनी ठेला सोडून मला घर दाखवायला नेलं होतं.

वेळ कोणती, तर परीक्षा संपल्या की, एप्रिल-मेपासून घरं रिकामी होतात पण शोधणारेही तेव्हाच जास्त. थोडं थांबता येत असेल तर पितृपक्षात शोधा. त्या पंधरा दिवसांत घर बदलायला लोक तयार नसतात, मालकाला घर रिकामं दिसत असते, आणि किराया पाचशे-हजारांनी खाली येतो. राहायला नवरात्रात जा, पण बोलणी आधी करून घ्या.

गल्ली तीनदा चालून पाहा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते. घर आवडलं की लगेच हो म्हणू नका, त्या घराच्या दारातून निघून दहा मिनिटं एका दिशेला, मग परत, मग दुसऱ्या दिशेला असं चालून पाहा, आणि तीन वेगवेगळ्या वेळी.

पहिली वेळ दुपारची. उन्हाळ्यात आला असाल तर दुपारी साडेबाराला चाला, सोबत पाणी घेऊन आणि डोक्याला दुपट्टा बांधून. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, तर वेगळाच. त्या उन्हात स्टेशनपासून घरापर्यंत दहा मिनिटं चालणं आणि हिवाळ्यात दहा मिनिटं चालणं एक नाही. रस्त्याला कडुनिंब, गुलमोहर, पिंपळ असं काही आहे का, की नुसता सिमेंटचा पांढरा रस्ता आहे. सिमेंट रोड उन्हात खालून भाजतो, डोळ्यांवर चमकतो, आणि इथे आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचेच आहेत. जुन्या लेआउटमध्ये सावली आहे, नवीनमध्ये नाही, आणि लावलेलं झाड मोठं व्हायला दहा वर्षं लागतात. मी तर दोन घरं एकसारखी असतील तर झाड पाहून निवडीन.

दुसरी वेळ रात्री नऊची. बाईमाणसाने तर नक्कीच, आणि एकटं नको, कोणाला तरी सोबत घ्या. लाईट सुरू आहेत का, एखादं तरी दुकान उघडं आहे का, कुत्री किती आहेत आणि कशी आहेत, घरांच्या पुढे माणसं बसलेली दिसतात का. जिथे बायका जेवणानंतर शतपावली करताना दिसतात ती गल्ली चांगली, यापेक्षा मोठी खूण मला अजून सापडली नाही. मेट्रोची शेवटची गाडी किती वाजता ते स्टेशनवर विचारा आणि तुमची शिफ्ट त्याच्या नंतर सुटत असेल तर रात्री घरी कसं येणार ते आजच ठरवा.

तिसरी वेळ पावसाची. पावसाळ्यात आलात तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासात जाऊन या. नरेंद्र नगरचा रेल्वेखालचा पूल, लोहापूल इथे पाणी साचते हे सगळ्या नागपूरला माहीत आहे, तुमचा रोजचा रस्ता तिथून जात असेल तर दुसरा रस्ता शोधून ठेवा. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येते, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या चांगल्या वस्त्यांमध्ये माणसं झोपेत असताना घरात पाणी शिरलं. म्हणजे महाग एरिया आहे म्हणून पाणी येणार नाही असं काही नसते. नाग नदी, पिवळी नदी, पोहरा नदी किंवा कोणताही नाला घरापासून किती लांब आहे ते नकाशात पाहा, आणि खालचा माळा घेत असाल तर शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा की त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं. कंपाउंडच्या भिंतीवर खूण असते, रंग मारला तरी दिसते. तसंच रस्ता गेटपेक्षा उंच झाला आहे का पाहा, सिमेंट रोड झाल्यावर कित्येक जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि साध्या पावसातही पाणी आत येते.

उन्हाळ्यात शोधत असाल तर पाऊस कसा पाहणार, म्हणून ही माहिती माणसांकडूनच घ्यावी लागते. एकाला नको, तिघांना विचारा, त्यातला एक दुकानदार हवा.

चालताना मोजायचं काय, तर दूध-किराणा, भाजी, मेडिकल, साधा एमबीबीएस डॉक्टर, स्टेशन किंवा बस किंवा शेअर ऑटोचा थांबा, आणि मुलं असतील तर शाळा आणि खेळायला जागा. म्हातारं माणूस असेल तर बसायला ओटा, बाक, मंदिर, बुद्धविहार, बगीचा, जे काही असेल ते. यातलं पाच-सहा दहा मिनिटांत असेल तर घर घ्या, दोन-तीनच असेल तर पुढे चला. फूटपाथची फार आशा ठेवू नका, जिथे आहे तिथेही त्यावर गाड्या आणि ठेले असतात, म्हणून आतली शांत गल्ली कुठून कुठे निघते ते शोधणं जास्त कामाचं. 'आपली बस'चा एखादा नंबर घराजवळून थेट बर्डीला मोरभवन बसस्टँडपर्यंत जातो का तेही थांब्यावर विचारून घ्या.

पाणी, ऊन आणि मीटर

आता घराच्या आत. मनपाच्या हद्दीत नळाचं पाणी येते, ते पेंच आणि कन्हानवरून येते, आणि ओसीडब्ल्यू (ऑरेंज सिटी वॉटर) ही कंपनी मनपासाठी पुरवठा पाहते. विचारायचं असं की नळ रोज येतो का, किती वाजता, किती वेळ, आणि वरच्या माळ्यावर प्रेशर राहते का. मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. हद्दीबाहेर, म्हणजे बेसा-पिपळ्याला आता नगर पंचायत आहे, वाडीला नगर परिषद आहे, अशा ठिकाणी पाण्याची व्यवस्था वेगळी असते, बऱ्याच स्कीममध्ये बोअरवेलचं खारं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, हे तोंडी नको, लिहून घ्या. आमच्या पहिल्या घरी मालक म्हणाले होते पाण्याची काहीच चिंता नाही, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच टँकरची वर्गणी मागितली.

काही लेआउटमध्ये रस्ते, गटार, लाईट इतकी वर्षं का नाही असा प्रश्न पडला तर त्याचं कारण असं, की नागपुरात खूप लेआउट परवानगीशिवाय पडले आणि नंतर गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले, लोक त्यांना १९०० आणि ५७२ चे लेआउट म्हणतात, हे आकडे तशा लेआउटच्या संख्येचे. किरायाने राहणाऱ्याला कागद तपासायची गरज नाही, पण गटार आहे की सेप्टिक टँक एवढं विचारा, पावसाळ्यात त्याचा वास आणि डास तुमच्याच वाट्याला येतात.

ऊन हा इथला सगळ्यात मोठा भाडेकरू आहे असं माझे सासरे म्हणायचे. सगळ्यात वरचा माळा, वर उघडी स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असं घर स्वस्त मिळते आणि मे महिन्यात रात्री बारालाही भिंत गरम लागते. किराया फारच कमी असेल तर घ्या, पण मालकाला गच्चीला पांढरा हीट प्रूफ कलर मारून मागा. कूलर लावायची खिडकी कोणती, बाहेर स्टँड लावू देणार का, समोरून हवा निघायला दुसरी खिडकी आहे का, आणि कूलरमध्ये भरायला दिवसाचं पाणी मिळणार का, हे चारही विचारा. नवीन फ्लॅटमध्ये एसीची जागा असते पण कूलरची नसते, आणि एसीचं बिल सगळ्यांना झेपत नाही.

मीटर वेगळं हवं. महावितरणचं बिल टप्प्यांनी वाढते, १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत जास्त, मग ५०० पर्यंत अजून जास्त. मालकाचं आणि तुमचं एकाच मीटरवर असेल तर दोघांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात, आणि सबमीटरवर युनिटमागे दहा-बारा-चौदा जे मागतील ते तुम्हाला द्यावं लागते. उन्हाळ्यातलं मागच्या वर्षीचं बिल दाखवा म्हणा. दाखवलं नाही तर मला तिथेच शंका येते.

घरमालकाशी बोलणं आणि करारनामा

काका, काकू, आजोबा असं म्हणून बोला, पण मोकळं आणि पूर्ण बोला. नॉनव्हेज चालते का, पाहुणे आलेले चालते का, रात्री किती वाजता गेट बंद होते, गाडी कुठे ठेवायची, गच्ची वापरता येते का. काही जण आडनाव ऐकून दोन मिनिटं थांबतात आणि मग म्हणतात घर कालच गेलं. हे होते, आजही होते, आणि दीक्षाभूमीच्या शहरात होते याचं मला फार वाईट वाटते. तिथे स्वतःला समजावत बसू नका आणि जास्त किराया द्यायला तर मुळीच तयार होऊ नका. अशा घरात राहून रोज मान खाली घालून जिना चढावा लागतो. चांगली माणसं याच शहरात त्याच गल्लीत असतात, पुढचं गेट वाजवा.

एकटी मुलगी किंवा बॅचलर मुलं असाल तर ऑफिसचं लेटर, आधार आणि आईवडिलांचा फोन नंबर सोबत ठेवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

करारनामा ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लिखित आणि रजिस्टर केलेला असावा लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्येच ते आहे आणि रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. नुसत्या शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून काम होते असं सगळे म्हणतात, पण भांडण झालं की रजिस्टर केलेलाच कागद कामाला येतो. आता ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो. रजिस्ट्रेशन फी मनपा हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. हा खर्च अर्धा-अर्धा करायची पद्धत आहे. त्यात डिपॉझिट किती, किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, किराया दरवर्षी किती वाढणार, घर सोडायची नोटीस एक महिना की दोन, एवढं लिहिलेलं पाहिजे. आमचं पहिल्या घराचं डिपॉझिट परत मिळायला चार महिने लागले कारण तारीख कुठेच लिहिली नव्हती. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यावी लागते, तीही करून घ्या.

राहायला जायच्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, रिकाम्या घराचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, नळ, फॅन, खिडक्यांच्या काचा, भिंतीवरची ओल सगळं, आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो घेऊन त्याच मिनिटाला मालकाला व्हॉट्सॲप करा. शेजारी जाऊन नळ किती वाजता येतो आणि कचऱ्याची गाडी किती वाजता येते हे दोन प्रश्न विचारून या, ओळखही होते. आणि गेटवरची टू लेटची पाटी स्वतःच्या हाताने काढून मालकाला द्या, नाहीतर महिनाभर दुपारच्या झोपेत बेल वाजत राहते.